नातं ओळखायचं तर फळ फुटताना पाहा

नर्सरीत 'जिरेनियम' म्हणून लाल-गुलाबी फुलांची जी कुंडी मिळते, ती असते पेलार्गोनियम, मूळची दक्षिण आफ्रिकेतली. फुलाचा देठ ब्लेडने आडवा कापला की त्यात मधाची बारीक नळी दिसते. ती दिसली की खात्री झाली. खरं जिरेनियम निलगिरीसारख्या उंच, थंड डोंगरांवर भेटतं. गोव्यातल्या सड्यांवर (जांभ्या दगडाच्या पठारांवर) ते शोधत बसू नये.

मग इथे त्याचे नातलग कोण? वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पहिल्या खंडात (१८७५) तेरडा, आंबुटी (आंबुशी), करमल (स्टारफ्रूट) आणि बिमलां (बिलिंबी) ही सगळी जिरेनियमच्याच कुळात घातलेली आहेत. आता डीएनएच्या आधारे जिरेनियम एका गणात (कुळाच्या वरच्या गटात), तेरडा दुसऱ्या आणि आंबुटी-करमल-बिमलां तिसऱ्या गणात गेली आहेत. (बिमलांचा रस रोज प्यायल्याने कोलेस्टेरॉल उतरतं, असा प्रचार चालतो. त्यावर विश्वास ठेवू नका. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी केरळात आहेत. हुमणात (माशांच्या आमटीत) दोन-चार बिमलां घालणं वेगळं.)

बी उडवण्याची कला जिरेनियम, तेरडा आणि आंबुटी या तिघांनाही येते, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. चवथीच्या सुमारास तेरड्याचं लवदार, फुगीर, फिकट हिरवं फळ निवडा. झाडावरच त्याला पारदर्शक पिशवी घाला आणि बाहेरून टोकाला हलकेच दाबा. फळाच्या पाच फाळी काही मिलिसेकंदांत आतल्या बाजूला गुंडाळतात आणि बिया पिशवीवर आपटतात. फाळीच्या बाहेरच्या थरातल्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात, आतला थर मात्र ताणला जात नाही. शिवणी धरून आहेत तोवर हा ताण साठून राहतो. शिवण सुटली की मोकळा होतो. फळ कोवळं असेल तर काहीच घडत नाही, बिया पांढऱ्याच निघतात. तोडून घरी आणलेलं फळ कोमेजतं, पेशींतला दाब उतरतो आणि बार फुसका जातो. म्हणून हा प्रयोग रानातच करावा. पानंही पाहून घ्या: तेरड्याची एकाआड एक असतात. समोरासमोर असतील आणि फळ गुळगुळीत असेल, तर ती तेरड्याच्याच प्रजातीतली (genus) दुसरी जात (species).

जिरेनियमचं फळ चोचीसारखं लांब. त्याच्या पट्ट्या वाळताना वर वळतात आणि बी भिरकावतात. म्हणजे तेरड्याला पाणी लागतं, याला कोरडी हवा.

आंबुटीचं फळ फाळ्यांत तुटतच नाही. पाच कंगोऱ्यांचं ते उभं फळ झाडावर तसंच राहतं. प्रत्येक बीभोवती काचेसारखं पातळ आवरण असतं. ते फुगून फाटतं, उलटं होतं आणि बी फळाच्या फटीतून बाहेर उडते. दहापट भिंगातून पाहिलं तर तपकिरी बीवर आडव्या वळ्या दिसतात आणि फटीशी अडकलेली रिकामी पांढरी आवरणंही.