ब्लेडला इंजिन नसतं

परवाच्या रविवारी नवी मुंबईत पाम बीच रोडवर कृत्रिम पायांसाठी निधी जमवणारी एक दौड झाली. मी पाच किलोमीटरवाल्यांत होतो. पायाच्या जागी कार्बन फायबरचं वाकडं, लवचिक ब्लेड लावलेला एक तरुण आम्हाला मागे टाकून गेला, तेव्हा बाजूला धापा टाकणारे एक काका म्हणाले, "त्याचं बरंय हो, स्प्रिंग आहे त्याला!" उत्तर द्यायला तेव्हा दम नव्हता, म्हणून आता देतो.

स्प्रिंग ऊर्जा तयार करत नाही. तुम्ही दिलेलीच परत करते, तीही थोडी कापून. धावताना पाऊल टेकलं की पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. ७० किलोच्या माणसाला क्षणभर पावणेदोनशे किलो! त्याखाली ब्लेड समजा ७ सेंटिमीटर दबलं. ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर, पण स्प्रिंगमधलं बल शून्यापासून चढत जातं, म्हणून त्याचं निम्मं. १७०० न्यूटन गुणिले ०.०७ मीटर, भागिले २. साधारण ६० ज्यूल. त्यातले दहाएक टक्के उष्णतेत जातात, बाकीचे परत मिळतात.

आता काकांचा पाय. स्प्रिंग त्यातही आहे. टाचेच्या मागे चिमटीत येते ती जाड दोरी, अकिलीस कंडरा, ती ताणली जाते आणि उसळते. पण तिच्या वरच्या टोकाला पोटरी आहे, आणि पोटरी साखर जाळून दर पावलाला नवी ऊर्जा ओतते. ब्लेडला पोटरी नाही. ती तूट मांडी आणि कमरेला भरून काढावी लागते.

शिवाय वेळ. दबलेली स्प्रिंग किती वेळात उसळेल हे वस्तुमान भागिले ताठपणा, याच्या वर्गमूळावर ठरतं. ताठपणा चौपट केला तर वेळ निम्मा. वेग बदलला की आपण स्नायू कमीजास्त आवळून पायाचा ताठपणा जुळवतो. ब्लेडचा मात्र कारखान्यातच ठरलेला. म्हणून ब्लेड माणसाचं वजन बघून निवडतात. दिवाळीचा फराळ तिथे थेट गणितात शिरतो. (इथे कोणी वाचणं सोडलं तर हरकत नाही, मला ते वर्गमूळ फार आवडतं.)

काकांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. ब्लेड हलकं असतं, पाय पुढे फेकायला श्रम कमी पडतात. दोन्ही पायांना ब्लेड लावून धावणारा दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस, त्याच्यावर जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने जानेवारी २००८ मध्ये बंदी घातली, ती मे महिन्यात क्रीडा लवादाने उठवली. एकूण हिशेबात फायदा होतो, हे सिद्ध झालं नव्हतं.

आमच्या दौडीच्या पैशातून ब्लेड येणार नव्हतीच, ती लाखांत जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे, मनात आणताच वळणारे रोबो-पाय तर सोडाच. येणार होते जयपूर फूट. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला हा रबराचा पाय घालून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चिखल तुडवता येतो. भाताच्या खाचरात ब्लेड घालून उतरून बघा!

पण पाय कोणताही असो, अडतं ते सॉकेटपाशी. उरलेला पाय ज्या कपात बसतो तो कप. शस्त्रक्रियेनंतर काही महिने तो उरलेला भाग आकसत जातो, मग कप सैल होतो, घासतो, जखम होते. मुलांचं उलट, ती वाढतात. म्हणून पहिल्या पायाचा फोटो छापून येतो तेव्हा मी दुसऱ्या सॉकेटचं काय, असं विचारतो.

दौड संपल्यावर तो तरुण दुभाजकावर बसला होता. त्याने ब्लेड उतरवलं, आतला सिलिकॉनचा लायनर सोलून काढला आणि उलटा धरला. घामाची धार लागली. पुसून लायनर पुन्हा चढवला, सैल झालेला कप घट्ट बसावा म्हणून त्यावर एक पातळ मोजा जास्तीचा घातला आणि ब्लेड लावलं. "सकाळी एक मोजा पुरतो," तो म्हणाला, "संध्याकाळपर्यंत तीन होतात."