मॅक्लाउड डनव्हेगनचे की लुईसचे?

डोनाल्ड ट्रम्प यांच्या आईचं माहेरचं आडनाव मॅक्लाउड. जन्म 1912 सालचा, स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या टाँग गावातला. मॅक्लाउड म्हटलं की बहुतेकांना स्काय बेटावरचा डनव्हेगन किल्ला आठवतो आणि मग या बाईंचं घराणंही तिकडेच जोडलं जातं. पण देवासच्या पवारांसारख्या या घराण्याच्याही दोन पात्या आहेत, आणि लुईस ही दुसऱ्या पातीची भूमी.

दोघांचा मूळपुरुष एकच, तेराव्या शतकातला लिओड (उच्चार ‘लाउड’). परंपरा सांगते की टॉर्मोड आणि टॉर्किल हे त्याचे मुलगे. टॉर्किल हा टॉर्मोडचा भाऊ नसून नातू होता, असंही काही अभ्यासक मांडतात. टॉर्मोडच्या वंशाकडे हॅरिस बेट आणि डनव्हेगन राहिलं, टॉर्किलच्या वंशाकडे लुईस. मात्र आडनाव मॅक्लाउड म्हणजे रक्तही लिओडचंच, असं धरून चालू नये. सरदाराच्या मुलखात राहणारी कुळंसुद्धा त्याचंच आडनाव लावत.

डनव्हेगनकरांची गोष्ट टिकून राहण्याची आहे. आठेकशे वर्षं तोच किल्ला, तेच घराणं. चिन्ह बैलाचं डोकं आणि ब्रीद ‘घट्ट धर’. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. पऱ्यांनी दिला म्हणतात तो रेशमी झेंडाही, जीर्ण का होईना, अजून किल्ल्यात आहे.

लुईसकरांचं ब्रीद लॅटिन, अर्थ ‘तेजाळतो, पण जाळत नाही’. त्यांचं घर मात्र आतूनच पेटलं. सोळाव्या शतकात तिथल्या रोरी नावाच्या सरदाराने मॅकेन्झी या दुसऱ्या घराण्यातल्या बायकोपासून झालेल्या टॉर्किल या मुलाला ‘हा माझा नव्हेच’ म्हणून नाकारलं. मग औरस-अनौरस भावांच्या मारामाऱ्या जुंपल्या. ही संधी साधून स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने 1598 मध्ये फाइफ प्रांतातल्या उपऱ्यांना बेट वसवायला दिलं. रोरीच्या अनौरस मुलाने, नीलने, त्यांना धड बस्तान बसवू दिलं नाही. ते कंटाळले आणि 1610 मध्ये आपला हक्क मॅकेन्झींना विकून गेले. 1613 मध्ये नीलला एडिंबरात फाशी झाली. लुईसची गादी बुडाली, राझे बेटावरची शाखा तेवढी उरली. लुईसकरांच्या ढालीवरचा जळता डोंगरही पुढे मॅकेन्झींच्या ढालीवर चढला. भाऊबंदकीत तिसऱ्याचं कसं फावतं, हे आपल्याकडच्या वाचकाला फोड करून सांगायला नको.

दुकानात ओळखायची खूण म्हणजे टार्टन, घराण्याचं म्हणून विकलं जाणारं चौकटीचं कापड. झगझगीत पिवळ्यावर काळ्या पट्ट्या असतील तर लुईसचं, निळं-हिरवं असेल तर हॅरिसचं. पण या खुणेवर फार विसंबू नका. पिवळा नमुना 1842 साली छापलेल्या एका बनावट संग्रहात आहे, आणि निळा-हिरवा मॅकेन्झींच्या टार्टनशी जवळजवळ जुळतो. कुळागणिक ठरलेलं कापड ही मुळात एकोणिसाव्या शतकातली टूम.

या गुंत्याचा एक धागा थेट विजयदुर्गापर्यंत येतो. 8 एप्रिल 1783 रोजी मुंबईहून दक्षिणेला निघालेलं ‘रेंजर’ हे कंपनीचं जहाज पेशव्यांच्या आरमाराने कोकण किनाऱ्यावर गाठलं. आरमार आनंदराव धुळपांचं. इंग्रज-मराठ्यांत सालबाईचा तह झालेला होता, तरी तोफा धडाडल्या. जहाजावर दोन कर्नल होते. एक नॉर्मन मॅक्लाउड, डनव्हेगनचा तेविसावा सरदार. दुसरा हंबरस्टन मॅकेन्झी, लुईस गिळणाऱ्या सीफोर्थ मॅकेन्झींचा तेव्हाचा प्रमुख. लुईस बेट त्या वेळी त्याच्याच घराण्याच्या ताब्यात होतं.

दोघंही जबर जखमी झाले. जहाज विजयदुर्गाला आणलं गेलं. हंबरस्टनने त्याच महिन्यात तिथेच प्राण सोडला. मॅक्लाउड जगला, काही वर्षांनी मायदेशी परतला, आणि डनव्हेगन त्याच्या वंशाकडेच राहिलं.