मलबारची झाडं, डच कंपनीची वही

सोळाव्या शतकातल्या युरोपात मिरी, वेलदोडे, सुंठ दुकानात वाळलेल्या रूपातच पोचत. मूळ झाड फारच थोड्यांनी पाहिलेलं असे. भेसळ पकडायची तर अस्सल माल कसा दिसतो, कुठे होतो हे ठाऊक हवं, आणि ही नड वैद्याइतकीच व्यापाऱ्याचीही होती. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने (मुंबई बेट भाडेपट्ट्याने घेणारा तो हाच) १५६३ मध्ये इथल्या औषधींवर ग्रंथ छापला. चारच वर्षांत क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला. हाच क्लुसियस पुढे लायडन विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला.

१६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि तिच्या जहाजांतून मसाल्यांबरोबर बिया, कंद, शिंपले आणि माहितीही हॉलंडला जाऊ लागली. कंपनीचा डॉक्टर बोन्टियस याने बटाव्हियात (आजच्या जकार्तात) बेरीबेरी या रोगाचं वर्णन लिहून ठेवलं.

या साऱ्याचा कळस म्हणजे मलबारच्या, म्हणजे आजच्या केरळच्या किनाऱ्यावरच्या, वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा सचित्र ग्रंथ. डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. तिथला डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन रीड याला मलबारच्या वनस्पतींची नोंद करायची होती. त्यात निव्वळ ज्ञानलालसा होती असं मला वाटत नाही. कंपनीतलं वजनदार प्रस्थ व्हॅन गून्स याचा ओढा सिलोनकडे होता, आणि मलबार किती मोलाचं आहे हे व्हॅन रीडला दाखवून द्यायचं होतं.

माहिती दिली ती इट्टी अच्युतन या एळवा वैद्याने, घराण्यातल्या पोथ्यांच्या आधारे. त्याचं मल्याळम सांगणं आधी पोर्तुगीजमध्ये आणि मग लॅटिनमध्ये गेलं. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे तीन कोकणी ब्राह्मणही कामात होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं कोरून छापलेलं आहे, अच्युतनचंही आहे. माहिती कुणाकडून मिळाली याचा असा लेखी पुरावा युरोपीय ग्रंथात छापणं त्या काळी दुर्मीळच. साक्षीपुराव्याची ही सवय व्यापाऱ्याच्या वहीतूनच आली असावी. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये बारा खंड निघाले.

पण व्यापारी जसा नोंदी ठेवतो तसा तो गुपितंही राखतो. आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर कंपनीच्याच नोकरीतल्या रुम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १६७० मध्ये दृष्टी गेल्यानंतरही, तिथल्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. हस्तलिखिताची प्रत नेणारं जहाज १६९२ मध्ये फ्रेंचांनी बुडवलं. बटाव्हियात नक्कल करून ठेवलेली होती म्हणून ग्रंथ वाचला. तरी कंपनीने तो दाबून ठेवला. छपाई सुरू झाली १७४१ मध्ये, लेखक जाऊन ३९ वर्षं झाल्यावर.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची आजची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने भारतातली ही झाडं त्यांच्या मुलखात कधीच पाहिली नाहीत. कित्येक जातींना नाव देताना त्याने व्हॅन रीडच्या खंडांतल्या, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेल्या चित्रांवरच भिस्त ठेवली. त्यामुळे अशा काही नावांबद्दल शंका निघाली, तर वनस्पतिशास्त्रज्ञांना आजही तेच चित्र प्रमाण धरावं लागतं.