कोलिस्टिनबंदीच्या मागची सत्तर वर्षे

जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून कोंबड्या, मत्स्यशेती, मांस-दुधासाठी पाळली जाणारी जनावरे आणि पशुखाद्याची पूरके यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला बाकीची प्रतिजैविके लागू पडेनाशी झाली की डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी हे एक. आणि तेच औषध तोवर धडधाकट पिलांचे वजन लवकर भरावे म्हणून पोल्ट्रीच्या खाद्यात मिसळले जात होते. हे कसे घडले ते समजायला बरेच मागे जावे लागते.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत टॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे कोंबडीच्या पिलांसाठी ब१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार केल्यावर उरणारा चोथा त्यांनी पिलांना घालून पाहिला. पिले नुसत्या ब१२ ने वाढतील त्याहून जास्त वाढली. चोथ्यात उरलेल्या औषधाच्या किंचित अंशाचा तो परिणाम होता. एवढ्याशा खर्चात जास्त मांस मिळते म्हटल्यावर कोंबड्या, डुकरे, वासरे सगळ्यांच्याच खाद्यात प्रतिजैविके जाऊ लागली.

औषधाची अपुरी मात्रा जंतूंना मारत नाही, उलट त्याला तोंड द्यायला शिकवते, असा इशारा पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्येच दिला होता. खाद्यातून रोज दिली जाणारी मात्रा नेमकी तशीच अपुरी होती. स्ट्रेप्टोमायसिन चारलेल्या टर्की पक्ष्यांच्या आतड्यांत त्या औषधाला न जुमानणारे जंतू सापडल्याची नोंद १९५१ ची आहे. म्हणजे धोका नंतर कळला, असे कुणाला म्हणता येणार नाही.

त्या दशकाच्या अखेरीस जपानी संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जंतू ही प्रतिकारशक्ती फक्त आपल्या पुढच्या पिढीला देतात असे नाही, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. डीएनएची छोटी सुटी वेटोळी, म्हणजे प्लाझ्मिड, एका पेशीतून दुसरीत जातात आणि कित्येकदा एकाच वेटोळ्यावर तीन-चार औषधांविरुद्धची जनुके असतात. ब्रिटनमध्ये १९६९ च्या स्वान समितीने याची दखल घेतली आणि माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, अशी शिफारस केली. शिफारस रास्तच होती. मात्र तिच्यातून ‘माणसांची औषधे’ आणि ‘जनावरांची औषधे’ अशी एक वाटणी रूढ झाली, आणि पुढचे बरेच नुकसान त्या वाटणीवर विसंबल्यामुळे झाले असे मला वाटते.

जनावरांतले जंतू माणसांपर्यंत खरोखर पोहोचतात का, याचे उत्तर अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये दिले. विशेष म्हणजे त्या अभ्यासाला पैसा पशुऔषध उद्योगाच्या संघटनेने पुरवला होता. बॉस्टनजवळच्या एका शेतावर कोंबडीची ३०० पिले आणली आणि त्यांपैकी काहींच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातले ऑक्सिटेट्रासायक्लिन घातले. आठवडाभरातच त्या पिलांच्या आतड्यांतले जवळजवळ सगळे जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत असे जंतू ८० टक्क्यांहून अधिक प्रमाणात दिसले. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हाच आकडा ६.८ टक्के होता. पिलांना औषध एकच दिले होते, तरी जंतू इतरही अनेक औषधांना पुरून उरू लागले. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यातल्या पेनिसिलिन-टेट्रासायक्लिनवर बंधने आणायचा प्रस्ताव मांडला. संसदेने तो अडवला. माणसांच्या उपचारात महत्त्वाची असलेली प्रतिजैविके वाढीसाठी वापरणे तिथे थांबले ते २०१७ साली, मधे चाळीस वर्षे जाऊ देऊन.

युरोपात वाटणीचा फोलपणा अ‍ॅव्होपार्सिनने उघडा पाडला. हे औषध माणसांना देत नसत, म्हणून खाद्यात चालून गेले. पण व्हँकोमायसिन हे रुग्णालयांतले मोलाचे औषध त्याचेच भावंड, त्यामुळे एकाला सरावलेले जंतू दुसऱ्यालाही जुमानत नव्हते. डेन्मार्कमध्ये १९९४ साली रुग्णांसाठी २४ किलो व्हँकोमायसिन लागले आणि जनावरांच्या पोटात गेले २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन. पुढच्या वर्षी डेन्मार्कने ते बंद केले, १९९७ मध्ये युरोपीय संघाने. २००६ पासून तिथे वाढीसाठी कोणतेच प्रतिजैविक वापरता येत नाही.

कोलिस्टिनची गत वेगळी. मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ते बाजूला ठेवले होते. माणसाला नको, तर जनावरांना चालेल, असा हिशेब झाला. नंतर एकेक औषध निकामी होत गेले तसे डॉक्टर नाइलाजाने पुन्हा कोलिस्टिनकडे आले, तोवर चीनमध्ये ते टनांनी खाद्यात जात होते. २०१३ साली शांघायच्या एका डुकरात कोलिस्टिनला न जुमानणारा ई. कोलाय हा आतड्यांतला जंतू सापडला आणि त्याचे एमसीआर-१ हे जनुक प्लाझ्मिडवर असल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. त्या अभ्यासात ते ८०४ जनावरांपैकी १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत आढळले. जनावरांत जास्त आणि माणसांत कमी, या क्रमावरून उगम कुठे असावा याचा अंदाज येतो. थोड्याच महिन्यांत जगभरातून तशा नोंदी येऊ लागल्या.

आपल्याकडे आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. शेडमधली गादी, म्हणजे कोंबड्यांखाली पसरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा, कोंबडखत म्हणून शेतात जाते. पिलांच्या पोटातले जंतू त्या खताबरोबर माती-पाण्यात उतरतात, त्यासाठी कुणी चिकन खायलाच हवे असे नाही.

बंदीचा उपयोग होतो का, हे चीनमध्येच दिसले. २०१७ च्या एप्रिलअखेर तिथे खाद्यातले कोलिस्टिन थांबले. कोलिस्टिनला न जुमानणाऱ्या ई. कोलायचे डुकरांमधले प्रमाण २०१५-१६ मधल्या ३४ टक्क्यांवरून २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आले, कोंबड्यांत १८.१ वरून ५ टक्क्यांवर. आपल्या देशातला आदेश आला तो चीनच्या बंदीनंतर दोन वर्षांनी.