नर्सिंगची पदवी नसतानाही नर्सिंगमध्ये एमएस्सी: अमेरिकेतील प्रवेशाविषयी खुलासा

अमेरिकेत नर्सिंगच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आधी नर्सिंगचीच पदवी असावी लागते, त्यामुळे इतिहास वा वाणिज्य शिकलेल्याने चार वर्षांची पदवी पुन्हा पहिल्यापासून करावी, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला असून तो चुकीचा आहे. येल विद्यापीठाने इतर विषयांच्या पदवीधरांना थेट नर्सिंगच्या पदव्युत्तर पदवीकडे नेणारा अभ्यासक्रम १९७४ मध्येच सुरू केला. आज कोलंबिया आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांतही त्यांना थेट पदव्युत्तर प्रवेश मिळतो.

समजाला थोडा आधार आहे तो पूर्वअटींचा. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी उत्तीर्ण असावे लागतात, पैकी विज्ञानविषय अनेकदा प्रयोगशाळेसह. काही विद्यापीठे फार जुने गुण ग्राह्य धरत नाहीत. मात्र हे विषय सुटे शिकता येतात, आणि त्यासाठी कम्युनिटी कॉलेजही (दोन वर्षांचे अभ्यासक्रम देणारे स्थानिक महाविद्यालय) अनेकदा चालते. चुरस असते ती या गुणांवर आणि हेतुपत्रावर, ज्यात वैद्यकाऐवजी नर्सिंगच का, याचे नेमके उत्तर अपेक्षित असते. (‘सेवेची आवड’ एवढे लिहून भागत नाही.)

याउलट एक गैरसमज मात्र फारसा कोणी खोडत नाही: अशी प्रत्येक पदवी नर्स प्रॅक्टिशनर (निदान करून औषधे लिहून देऊ शकणारी, प्रगत प्रशिक्षण घेतलेली परिचारिका) घडवते, हा. कोलंबिया आणि जॉन्स हॉपकिन्स येथील अभ्यासक्रम एनक्लेक्स-आरएन या परिचारिका-परवान्याच्या परीक्षेची पात्रता देऊन नोंदणीकृत परिचारिका होण्यापर्यंत नेतात. प्रॅक्टिशनर होण्यासाठी त्यापुढे आणखी शिक्षण आणि स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, तर येलच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासक्रमात ते पुढचे शिक्षण अंतर्भूतच आहे.