खूण गोळीवर नव्हे, पुंगळीवर
"कॅलिफोर्नियात २००७ पासून प्रत्येक पिस्तुलाच्या गोळीवर नंबर उमटतो, त्यामुळे मारेकरी लगेच सापडतो." हा दावा कित्येक वर्षं फिरतोय. तो खरा नाही.

२००७ साली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी सही केलेला कायदा मायक्रोस्टॅम्पिंगचा होता. चाप ओढला की फायरिंग पिन, म्हणजे पिस्तुलातली बारीक सुई, काडतुसाच्या पुंगळीच्या बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर आदळते. या पिनेच्या टोकावर मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर सांगणारा सूक्ष्म कोड कोरायचा, म्हणजे तो प्रायमरच्या धातूवर उमटेल. शरीरात घुसलेल्या गोळीवर हा कोड नसतोच. जे काही हाती लागायचं ते जमिनीवर पडलेल्या पुंगळीवरच. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही, म्हणून कायदा सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांपुरता.

कोडवरून कळतं ते पिस्तूल, माणूस नाही. पुढे विक्रीच्या नोंदी धुंडाळाव्या लागतात, आणि हत्यार चोरीचं असलं तर माग मूळ मालकाच्या दारातच थांबू शकतो. तरीही तपासाला एवढा धागा मिळणं मला मोलाचं वाटतं. म्हणूनच खोट्या भरवशाची चीड येते.

कारण तो धागा प्रत्यक्षात आलाच नाही. अट २०१३च्या मे महिन्यात लागू झाली, तीही विक्रीला परवानगी असलेल्या पिस्तुलांच्या राज्याच्या यादीत नव्याने येणाऱ्या मॉडेल्सना. जुनी विकली जातच राहिली आणि कंपन्यांनी असं पिस्तूल बाजारात आणलं नाही. २०२३च्या मार्चमध्ये फेडरल न्यायाधीशांनी अंमलबजावणी रोखली. त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्याने विक्रेत्यांवर २०२८ पासून कोड उमटवणारीच पिस्तुलं विकण्याचं बंधन घातलंय, पण तंत्र व्यवहार्य ठरलं तरच.