जुळ्या नवजात बाळांची घरातील शुश्रूषा (मराठवाडा)

जुळी बाळे रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतील त्यांचे संगोपन आणि त्याच काळातील वैद्यकीय फेरतपासण्या यांना ही संज्ञा लागू होते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात व अनेकांचे वजन अडीच किलोपेक्षा कमी भरते; म्हणजे बाळंतपण एक असले, तरी सांभाळायचे जीव दोन आणि दोन्ही नाजूक.

मराठवाड्यात बाळंतीण पुष्कळदा माहेरी असते. आजी, मावशी, मामी असे हाताला हात मिळतात, ही जुळ्यांच्या आईसाठी मोठीच सोय. मात्र बाळे या हातातून त्या हातात जात असल्याने कोणाला पाजले आणि कोणाला थेंब दिले, याचा गोंधळ रात्री हमखास होतो. म्हणून एका बाळाच्या पायात सैल काळा दोरा ठेवावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघांचे दूध, शू-शी व औषध वेगवेगळे लिहावे. कमी दिवसांचे बाळ भुकेने रडेलच असे नाही. जोमाने ओढणारे पोटभर पिते आणि निजाळू मागे पडते, तेव्हा त्याला दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे; ओढता येत नसेल, तर आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला तरी वरचे पाणी, घुटी वा मध देऊ नये. उबेसाठी बाळाला उघड्या छातीशी धरणे उत्तम, आणि दोन बाळे असताना हे काम वडिलांनी व आजीनेही वाटून घ्यावे. शेगडीचा धूर मात्र बाळांपासून दूरच हवा.

गडचिरोलीतील प्रयोगातून पुढे आलेली घरोघरी नवजात बालसेवा २०११ पासून देशभर राबवली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात व वजन, ताप, श्वास पाहतात. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, दूध सोडणे, अंग गार पडणे वा तळहात-तळपाय पिवळे होणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०२ किंवा १०८ ची गाडी बोलवावी.

सर्वांत जास्त चुकते ती डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळाची त्याहून आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. घरोघरी पाळला जाणारा सव्वा महिना नेमका याच मुदतीच्या आड येतो. बाळाचे डोळे वरून स्वच्छ दिसतात, त्यामुळे ‘सव्वा महिना होऊ द्या, मग नेऊ’ असे वडीलधारी मायेपोटीच म्हणतात, आणि तेवढ्यात उपचाराची वेळ टळून दृष्टी कायमची जाऊ शकते. जुळ्यांचे आठवडे सारखेच असल्याने ३४ आठवड्यांआधीच्या जोडीत वजनदार दिसणाऱ्या बाळालाही वगळता येत नाही. खेड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या शासकीय रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जायचे, तर दिवस मोडतो. म्हणून कानांची तपासणी आणि वजन त्याच खेपेत उरकावे, दोघांची कार्डे वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत आणि दोन बाळांमागे दोन माणसे जावीत.

लसी जन्मतारखेपासून मोजूनच, म्हणजे ६, १० व १४ आठवड्यांना द्यायच्या असतात. मान धरणे, बसणे, चालणे यांचा हिशेब मात्र दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करतात.